शिवय्याची वांगी

कुरुंदवाडपासून तीन-चार किलोमीटरवर, नदीच्या अंगाला शिवय्या जंगमाचं शेत आहे. त्या शेतात वांग्याचं झकास पीक निघतं, असं दोन वर्षं त्याच्या घरातल्या एका माणसाला वाटत होतं. ते एक माणूस सोडलं तर अख्ख्या गावाला ठाऊक होतं की शिवय्याचं पीक पाण्यात पोहतं.

शिवय्या साठीला टेकलेला. घर जंगमाचं, त्यामुळं गावातल्या लिंगायतांकडं वास्तुशांत असो की बारसं, पहिला मान ह्याचा. भेटेल तो 'स्वामी' म्हणून हात जोडायचा. ह्या घराच्या उंबऱ्याच्या आत आजवर अंडं आलेलं नव्हतं. कुणी पाहुण्यानं बिस्किटाचा पुडा आणला तरी शांतव्वा, म्हणजे शिवय्याची बायको, त्यावरचा हिरवा ठिपका दारात उजेडाला धरून बघायची आणि मगच पुडा फोडायची. अशा घरातल्या माणसानं मासे पाळायचे म्हणजे काय साधी गोष्ट झाली?

ते घडलं मिठापायी. उसाला पाणी पाजून पाजून शेताचा खालचा दीड एकर पार मिठागत होऊन गेला होता. ऊस सोडाच, तिथं लव्हाळासुद्धा नाखुशीनं उगवायचा. शिवय्याची मुलगी शांभवी कोल्हापुरात कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते, सासर कसबा बावड्याचं. ती एकदा माहेरी आली, रानात फिरली, मातीवरचा पांढरा थर नखानं खरवडून जिभेला लावला आणि थुंकून म्हणाली, "अप्पा, हितं आता ऊस यायचा न्हाई. तळं काढा आन मासं सोडा."

शांतव्वा दोन दिवस लेकीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला अट घातली.

"तळं काढा न्हाईतर हिरी काढा. पर त्यो शब्द माझ्या घरात बोलायचा न्हाई. आक्कास्नी कळलं तर त्या ह्या घरात पाण्याचा घोटसुदीक घ्यायच्या न्हाईत."

आक्का ही शिवय्याची थोरली बहीण. ऐंशीच्या पुढची, ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि आई गेल्यावर शिवय्याला तिनंच कडेवर घेऊन वाढवलेलं. कान अर्धे गेलेले. दमा मात्र पुरता मुक्कामाला आलेला. आभाळ आलं की पहाटे ती अंथरुणात उठून बसायची आणि आ वासून श्वास ओढायची. शिवय्या धडपडत उठायचा, चुलीवर शिरा करून आणायचा. त्याच्या मते माणसाच्या कुठल्याही दुखण्यावर शिरा हे औषध होतं.

"आक्का, दोन घास खा, बरं वाटंल."

"खायाला नगं रं मुडद्या," आक्का दोन श्वासांच्या मधी म्हणायची. "वारा दे, वारा."

मग शिवय्या खिडकी उघडायचा आणि शिरा वाया जाऊ नये म्हणून स्वतः खायचा.

तळं झालं. माशांची बोटभर पिल्लं पाणी भरलेल्या फुगीर पिशव्यांतून आली, तेव्हा आक्का नेमकी सोप्यात बसली होती. "काय आणलंस रं एवढं?" तिनं विचारलं. शिवय्याला आयुष्यात कधी खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळं तोंडाला येईल ते बोलून गेला. "वांग्याची रोपं." कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव सगळ्या मुलखात, तेव्हा आक्कालाही त्यात काही नवल वाटलं नाही. आणि त्या दिवसापासून घरात मासे हे वांगी झाले. वांग्यांस्नी पेंड घातली. वांगी अर्ध्या किलोची झाली. वांग्यांतल्या एकाच्या कल्ल्याला काहीतरी लागलंय. हे शेवटचं जरा हळू बोलायचं एवढंच.

पण खोटं बोलणाऱ्याला पुढचं सुचत गेलं पाहिजे. महिन्याभरात आक्कानं विचारलं, "एवढी वांगी पिकत्यात, मग माझ्या ताटात का न्हाईत?" तेव्हापासून शिवय्या दर बाजाराला कुरुंदवाडातून दोन किलो वांगी विकत आणून मागल्या दारानं, रानातून आल्यासारखी घरात आणू लागला. भरलेली वांगी, भरीत, वांग्याची सुकी भाजी, परत भरलेली वांगी. एकदा आक्का काठी टेकत रानात यायचं म्हणाली, तेव्हा तर त्यानं एका रात्रीत तळ्याच्या बांधावर वांग्याची दहा खरीखुरी रोपं लावली. ती रोपं जगली, फोफावली, आणि माशांवर सावली धरून उभी राहिली.

आता खरं सांगायचं तर शिवय्याचा जीव त्या माशांवर जडला होता. खाणाऱ्याला मासा ताटात कळतो, ह्याला तो पाण्यातच कळायचा. कटला वरच्या पाण्यात हिंडतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला उकरत बसतो, हे त्यानं पुस्तक न वाचता तळ्याकाठी बसून शिकून घेतलं होतं. गेल्या साली पहिल्यांदा मासे काढले, तेव्हा जाळंवाल्यांना तळं दाखवून हा गडी संगमावर गेला आणि नदीकडं पाठ करून संध्याकाळपर्यंत बसून राहिला. परत आला तो नव्या पिल्लांची पिशवी घेऊनच.

आणि खायला घालायचं म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाचा हात आखडत नाही. शांभवीनं वजन करून पेंड-कोंडा घालायला सांगितलं होतं. शिवय्याला ते पटत नव्हतं. दारी आलेल्याला भाकरी मोजून वाढायची? तो एक घमेलं तिच्या हिशोबानं टाकायचा आणि एक स्वतःच्या मनानं.

ह्या वर्षी दिवाळीच्या आधी आठवडाभर मळभ धरून राहिलं. ऊन नाही, वारा नाही. तळ्याचं पाणी हिरवंगार झालं आणि त्याला उग्र वास येऊ लागला. आणि रोज उजाडताना सगळे मासे वर येऊन, पाण्याला तोंड लावून आ वासू लागले. शिवय्या हरखून गेला. त्यानं शेजारच्या रानातल्या माणसांना हाका मारून बोलावलं.

"बघा की! मी आलो का तोंड उघडून वर येत्यात! वळखत्यात मला!"

भूक लागली असणार म्हणून त्यानं तिसरं घमेलं चालू केलं. चौथ्या दिवशी तीन मासे पोट वर करून तरंगताना दिसले.

त्या दुपारी तो अर्ध्या भाकरीवरच उठला. "तीन वांगी गेली," तो शांतव्वाच्या कानाशी पुटपुटला. पण आक्काच्या कानांचं असं, की हाक मारली तर ऐकू येत नाही आणि कुजबुजलं की सगळं ऐकू येतं. "वांगी गेली? कीड लागली आसंल," ती म्हणाली. आणि भावाला मदत करावी म्हणून तिनं संध्याकाळी पलीकडच्या गावातल्या बाळासोला निरोप धाडला. बाळासोचं औषधांचं दुकान होतं, पाठीवरचा पेट्रोलवरचा पंप होता, आणि आसपासची सगळी फवारणी त्याच्याकडं होती. शिवय्याच्या तळ्यातलं मात्र त्याला काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाला शिवय्या तळ्यावर आला. सगळं तळं तोंडांनी भरलं होतं. कडेला मेलेले वीसेक. त्यानं शांभवीला फोन लावला.

"अप्पा, पेंड घालू नका!" ती ओरडलीच. "भूक न्हाई ती! त्यांचा श्वास कोंडलाय. जादाचं खाणं तळाला कुजतंय, वरनं आभाळ, पाण्यात हवाच उरली न्हाई. मोटर लावून ताजं पाणी उंचावरनं पाडा. लाईट नसंल तर पाण्यात उतरा आन पाणी उडवा, पण थांबू नका!"

शिवय्या फोन हातात धरून उभा राहिला. वासलेली ती तोंडं त्याच्याकडं बघत होती आणि त्याला कळून चुकलं की हे तोंड आपण कुठंतरी बघितलंय. रोज बघतोय. आपल्याच घरात, पहाटे, अंथरुणावर. त्याला इतकी लाज वाटली की जन्मात वाटली नव्हती. चार दिवस तो जीव गुदमरलेल्यांना शिरा भरवत होता.

लाईट नव्हती. साडेआठला येणार होती. शिवय्यानं सदरा काढला, गळ्यातलं इष्टलिंग नीट बांधून घेतलं, घमेलं उचललं आणि छातीभर पाण्यात शिरून तळ्याच्या मधोमध पाणी उडवू लागला. आजवर त्यानं माशाला बोट लावलं नव्हतं. आता ते त्याच्या पोटाला, मांड्यांना धडका देत होते.

तासभर झाला असेल, एवढ्यात बांधावर पंपाची धडधड ऐकू आली. तोंडाला फडकं बांधलेला बाळासो वांग्याच्या दहा रोपांपुढं नळी रोखून उभा होता. त्याच्या मागं काठी टेकत आक्का. आठवडाभरात पहिल्यांदाच सुटलेली झुळूक नेमकी बांधावरून पाण्याकडं येत होती. अळीच्या औषधाचे चार थेंबसुद्धा माशांना पुरे होतात, हे शांभवीनं पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं.

"बाळासो! थांब!" शिवय्या बोंबलला. "वांगी मरतील!"

"मरायला लागल्यात म्हणूनच आलोय की स्वामी!" पंपाच्या आवाजावर बाळासो ओरडला. "आक्कांचा सांगावा हुता! लई जालीम औषध हाय!"

"आरं ह्या वांग्यांचं न्हाई, त्या वांग्यांचं म्हणतोय मी!"

"कंच्या?"

"पाण्यातल्या!"

"वांगी पाण्यात पडल्यात?" बाळासोनं विचारलं. "मग काढा की त्यास्नी, भरीत हुईल!" आणि त्यानं नळीची खिट्टी चाचपली.

शिवय्यानं तोंड उघडलं. एकच शब्द बोलायचा होता. पण समोर आक्का, आणि जिभेला दोन वर्षांची सवय. शब्द काही बाहेर येईना. छातीभर पाण्यात, आसपासच्या माशांसारखाच आ वासून तो उभा राहिला. चिखलात रुतलेले पाय निघत नव्हते आणि बाळासो आता रोपांपासून दोन हातांवर होता.

तेवढ्यात रानातल्या गोठ्याकडून शांतव्वा धावत आली. एका हातात शेणाचं घमेलं, पदर कमरेला खोचलेला.

"मासं!" तिची हाक नदीपल्याड गेली असेल. "मासं हायत मुडद्या त्यात! औषध पडलं तर मासं मरतील! मासं, मासं, मासं!"

बाळासोनं पंप बंद केला. जन्मभर जो शब्द तोंडातून काढला नव्हता तो चार-पाच वेळा ओरडल्यामुळं शांतव्वाच धापा टाकत खाली बसली. आक्का काठी टेकत पाण्याच्या कडेला आली.

"मासं पाळलंस व्हय रं?"

"व्हय आक्का," शिवय्या मान खाली घालून म्हणाला. साठीच्या माणसाचा आवाज सहा वर्षांच्या पोराचा झाला होता.

आक्का वाकली. कडेला एक मोठा कटला तोंड वर करून एकेक घोट ओढत होता. ती त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. तिचा स्वतःचा श्वासही चालल्यामुळं फुलला होता, आणि थोडा वेळ दोघांची तोंडं एकाच तालात उघडत मिटत होती.

"ह्यास्नी वारा पायजे," ती म्हणाली.

"व्हय, आक्का."

"आन तू काय देत हुतास?"

"पेंड."

"मला शिरा आन ह्यास्नी पेंड!" आक्का कडाडली. "कडंवर घेऊन वाढवलं, पर अक्कल काय घालता आली न्हाई. आता का थांबलास? हाण पाणी! ए बाळासो, त्यो इषारी पंप लांब ठेव जा, हात धुवून ये आन उतर आत. शांतव्वा, शेण वत तिकडं, घमेलं घे!"

बाळासो पंप थेट रस्त्यापलीकडं ठेवून, आपल्या घागरीतल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात चोळून आला आणि पँट वर करून उतरला. शांतव्वा घमेलं विसळून आली आणि लुगड्यानिशी उतरली. आक्का बांधावर, वांग्याच्या रोपांशेजारी बसून काठीनं दाखवत होती, हिकडं उडवा, तिकडं लई वर आल्यात. साडेआठला लाईट आली, मोटर चालू झाली आणि पाण्याची जाड धार उंचावरून तळ्यात कोसळली. मासे धारेखाली गोळा झाले. दहाच्या सुमाराला एकेक करून खाली गेले.

चाळीसेक मासे गेले. शिवय्यानं ते बांधाच्या कडेला खड्डा काढून पुरले आणि सवयीनं दोन मंत्र म्हटले. बाकी सगळे वाचले. पुढचे चार दिवस शांभवीनं पेंड पूर्ण बंद ठेवायला लावली. माशांना त्याचं काही वाटलं नसावं, हाल झाले ते शिवय्याचे. तो रिकाम्या हातानं तळ्याकाठी बसून राहायचा. पाचव्या दिवशी उजाडताना पाण्यावर एकही तोंड नव्हतं. मोकळं, साधं पाणी. ते बघून शिवय्या घळाघळा रडला.

त्या दिवशी दुपारी तिघं जेवायला बसली. शांतव्वानं भीत भीत आक्काच्या ताटात भाजी वाढली. तळ्यावर घडलं ते घडलं, पण आक्का पाच दिवस त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. आक्कानं ताटाकडं बघितलं आणि ते पुढं सरकवलं.

शांतव्वाचा चेहरा उतरला. जिची भीती होती तेच झालं म्हणायचं. शिवय्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"दोन वर्सं," आक्का म्हणाली, "तुझ्या माशांपायी मी वांगी गिळतीया. बास झालं. उद्यापास्नं दोडका कर."

मग तिनं ताट परत जवळ ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "आज पहाटं वर आल्ती का?"

"काय, आक्का?" शिवय्यानं विचारलं.

"मासं रं, मासं."

"न्हाई," शिवय्या म्हणाला. "एक बी न्हाई."

"मी बी आज उठून बसले न्हाई," आक्का म्हणाली, आणि जेवू लागली.