सावलीच्या बाजूचा जलाल

खोपोलीच्या बाजारात जलालचं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज, पासपोर्ट फोटो असं सगळं लिहिलंय, आणि खाली नंतर रंगवून घेतलेली एक ओळ: विमानात कुठे बसावे, सल्ला मिळेल. ती ओळ रंगवली त्या दिवसापासून आसियाने बाजारात समोरच्या बाजूने चालायला सुरुवात केली.

जलाल तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्याला न्हाऊमाखू घातलं ते हिनेच, त्यामुळे त्याची अक्कल केवढी ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लहानपणापासून त्याला एकच नाद, सावलीच्या बाजूला बसायचं. कर्जतला मामाकडे जायचं असलं की हा एसटी स्टँडवर आधी सूर्याकडे बघणार, मग रस्त्याकडे, मग बोट हवेत फिरवून गाडी कुठे कुठे वळते ते ताडणार. ताडून होईपर्यंत गाडी भरलेली. मग खोपोलीपासून पळसदरी, पळसदरीपासून कर्जत, हे साहेब उभे. आणि उभ्यानेच बसलेल्यांना सांगणार, की तुमची बाजू चुकली.

सात वर्षांपूर्वी तो मक्केला, उमऱ्याला जाऊन आला. माणसं तिथून नरम होऊन येतात, हा विद्वान होऊन आला. दुकानात खोक्याच्या पुठ्ठ्यावर विमान काढायचा, शेजारी गोल सूर्य, आणि दुबई-मस्कतला निघालेल्या पोरांना सांगायचा, "जाताना उजवी, येताना डावी. उन्हाच्या बाजूला अडाणी बसतात." नेरळ, चौक, कुठून कुठून लोक यायचे आणि माना हलवायचे. परत येऊन तक्रार कुणी केली नाही. आपण विमानात कुठल्या बाजूला होतो हे दोन वर्षं डोक्यात ठेवायला त्यांना दुसरी कामं होती.

खरी गोष्ट एकट्या आसियाला माहीत होती. उमऱ्याचं ते विमान गेलं तेही रात्री आणि आलं तेही रात्री. जलालने विमानातून सूर्य कधी बघितलेलाच नव्हता. ती बोलली नाही, कारण भावाची अब्रू गेली तर अर्धी आपलीच जाते. आणि तिला वेळही नव्हता. साजगावच्या फॅक्टरीतल्या माणसांचे चाळीस डबे रोज तिच्या चुलीवरून जायचे.

मग लुबनाचं निघालं. लुबना आसियाची एकुलती लेक, लग्न करून बर्मिंगहॅमला गेलेली. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा पोट रिकामं झालं. तिसऱ्या वेळी आठवा महिना लागला तेव्हा आसियाने मन्नत मागितली, की या रमजानचे सगळे रोजे सलग ठेवीन, एकही मोडणार नाही, माझ्या लेकीचं मूल नीट हातात येऊ दे. जावई कामरानने तिकिटं पाठवली. एकटी बाई कशी येणार, म्हणून दुसरं तिकीट जलालचं. निघायचं होतं सातव्या रोज्याला.

ती मशिदीतल्या मौलानांना विचारायला गेली. ते म्हणाले, "प्रवाशाला सूट आहे, आपा. तेवढा रोजा मागाहून भरून काढा."

"पण मन्नत सलग ठेवायची हाय."

"मग ठेवा. फक्त विमानात घड्याळ बघून खोलू नका. तुम्ही जिथं असाल तिथून, तुमच्या डोळ्यांना सूर्य बुडालेला दिसला पाहिजे."

म्हणून आसिया कितीतरी महिन्यांनी रस्ता ओलांडून भावाच्या दुकानात शिरली.

"जलाल, सूर्य बुडताना दिसंल अशी खिडकी मला पायजे."

"आपा, दोन्ही जागा उजवीकडं घेतल्यात मी. गारगार. झोपून जायचं."

"मला झोपायचं नाय. सूर्य कुठल्या अंगाला असंल तेवढं सांग."

"डावीकडं. पण तिथं कोण बसतं गं? लोक माझ्याकडं सावली मागायला येतात, आणि माझीच बहीण ऊन मागते. लोकांनी ऐकलं तर काय म्हणतील?"

"लोकांना सांग, अडाणी हाय," असं म्हणून ती निघाली. तिला हवं होतं ते कळलं होतं. जलालचा एवढाच उपयोग होता.

विमानतळावर सामान देताना जलाल पुढे उभा राहून इंग्रजी बोलत होता. आसियाने त्याच्या बगलेखालून मान काढली आणि काउंटरवरच्या मुलीला मराठीत म्हणाली, "बाय, मला डावीकडची खिडकी दे. रोजा हाय, सूर्य बघून खोलायचाय." मुलगी मराठीच निघाली. तिने दोन मिनिटं बटणं दाबली आणि मागची, पंखाजवळची खिडकी काढून दिली. जलाल तोंड फुगवून म्हणाला, "मग बस एकटी." ती बसली.

दुपारी दीडच्या सुमाराला विमान उडालं. सूर्य डाव्या खिडकीत आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. विमान पळत होतं त्याच्या मागे, आणि तो काही खाली उतरायला तयार नव्हता. जेवणाच्या गाड्या आल्या, गेल्या. आसियाने हाताने नको म्हटलं आणि पिशवीतली खजुराची डबी मांडीवर घेऊन बसली.

नंतर अचानक काळोख झाला. त्या विमानाच्या खिडक्यांना पडदे नसतात, काचच काळीनिळी होते, आणि विमानातल्या बायका एका जागेवरून सगळ्यांच्याच काचा काळ्या करतात, लोकांनी झोपावं म्हणून. आसियाला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण तिच्या काचेत एक हिरवट गोल होता, आणि तो हलत नव्हता.

थोड्या वेळाने जलाल दोन्ही वाटा ओलांडून तिच्याकडे आला. हातात खजूर.

"आपा, खोल. पावणेसात झाले."

"कुठले पावणेसात?"

"घड्याळातले."

"घड्याळ खोपोलीचं हाय. आपण खोपोलीत हाव का?"

"मग बाहेर बघ ना. माझ्या बाजूला पार काळोख पडलाय."

"आणि हे काय हाय?" तिने काचेवर बोट ठेवलं.

जलाल शेजारच्या दोघांच्या गुडघ्यांवरून वाकला, डोळे बारीक केले, आणि सात वर्षांच्या सगळ्या विद्वत्तेनिशी म्हणाला, "चांद."

आसियाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. करपलेल्या भाकरीकडे बघावं तसं.

"आज सातवा रोजा. सातव्या रोज्याचा चांद अर्धा असतो रं. हा ताटासारखा गोल कुठून आला?"

"विमानातून गोल दिसतो. उंचीवर असतो ना आपण."

"अर्ध्याचा पुरा होतो उंचीवर?"

"आपा, तू दुसरी पास. मी सात वर्षं लोकांना विमान शिकवतोय." आणि त्याने तिच्यासमोर बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात टाकला. बी काढून तळहातावर घेतलं आणि परत जागेवर गेला. जाताना एकीला हटकून संत्र्याचा रस मागितलेलाही तिने ऐकला.

मग, खोटं कशाला सांगावं, तिच्या मनात पाल चुकचुकली. सगळं विमान घोरत होतं. घशाला कोरड पडली होती, जीभ टाळ्याला चिकटत होती. एवढी शिकलेली माणसं झोपलीत म्हणजे रात्र असेलही. आणि हा चांद असेल तर आपण वेळ उलटून गेल्यावरही उपाशी बसलोय, तेही बरं नाही. खिडकीखालचं बटण तिने दाबलं, काच उजळली नाही. काय करावं? तिने पदर सारखा केला आणि उघडा तळहात काचेवर ठेवला.

काच कोमट होती. पलीकडच्या, गोलापासून लांबच्या कोपऱ्याला हात लावला, तो गार. पुन्हा गोलासमोर लावला, कोमट. उन्हात पापड घालून आयुष्य गेलेल्या बाईला याहून जास्त पुरावा नको होता. चांदाने काच तापत नाही. तिने डबी पिशवीत टाकली आणि तसबीहची माळ काढली.

चार तास गेले. अल्लाचं नाव घेत घेत ती मधूनमधून काचेला हात लावून बघायची. एकदा डुलकी लागली तेव्हाही हात तिथेच होता.

उतरायच्या थोडं आधी बायकांनी काचा मोकळ्या केल्या. सगळ्या विमानात ऊन भरलं, पिवळं, संध्याकाळचं, आणि ते या अंगाकडून त्या अंगाकडे जाऊन बरोबर जलालच्या तोंडावर पडलं. त्याच्या खिडकीबाहेरचे ढगसुद्धा लख्ख पांढरे होते. त्याने एकदा ढगांकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. मग मान वळवून बहिणीकडे बघितलं. आसियाने काही खूण केली नाही, की हसली नाही. त्याच्यावर हसणंसुद्धा तिला खर्चाचं वाटलं.

विमान वाकडं होऊन खाली आलं तेव्हा सूर्य ढगांच्या काठावर टेकला. अर्धा झाला, चिमूटभर उरला, गेला. आसियाने मनात शंभर मोजले, डबी उघडली आणि दुवा म्हणून खजूर दाताखाली धरला. पट्टा बांधलाय की नाही बघायला आलेल्या बाईने तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि पुढे गेली. सातवा पुरा झाला होता.

बाहेर कामरान उभा होता. त्याने सासूचा हात धरला आणि सांगितलं की लुबना बरी आहे, घरी जेवायला वाट बघतेय. मग विचारलं, "रोजा कसा गेला? लांबला असेल."

आसियाने तोंड उघडायच्या आत जलाल पुढे झाला. "लांबला ना. तरी आपाला मीच डावीकडं बसवलं, सूर्य दिसावा म्हणून. माझ्या बाजूला जरा लवकर मावळला. आणि प्रवाशाला सूट असतेच."

एवढा वेळ अब्रूसाठी गिळलेलं आसियाच्या तोंडून तिथे, परक्या मुलखात, जावयासमोर निघालं. आवाज चढवला नाही.

"सूट हाय ना, मग घे. रोजा मोडला म्हण, भरून काढ. पण मावळला म्हणू नको रं. तो माझ्या हाताखाली होता."

कामरानने दोन्ही बॅगा उचलल्या. जलाल मागून चालू लागला.