दुसरा बोल्ट

नवऱ्याच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडात लीड्सला आलो, आणि मला एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळालं. नागपूरला कॉलेजात एनसीसीत असताना मी रायफल शूटिंग करायचे. शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणीत रायफल क्लब आहे असं कळलं तेव्हा एका शनिवारी सरळ जाऊन उभी राहिले. ज्यांनी दार उघडलं ते साठीपुढचे, रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन होते. माझ्या पहिल्या पाच गोळ्यांचं टार्गेट त्यांनी खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाले, "हे कुठे शिकलीस, लव?" इकडे यॉर्कशरात दुकानदारापासून बसड्रायव्हरपर्यंत सगळेच लव, म्हणजे लाडके, म्हणतात, पण नवख्या गावात ते कानाला बरं वाटलं.

ते क्लबचे सेक्रेटरी होते, आणि नेमबाजांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेच्या आमच्या भागातल्या शाखेचेही. सरकारनं लोकांच्या पिस्तुलांवर बंदी आणली, त्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. आता रायफलींची पाळी येणार, ही भीती क्लबमधल्या प्रत्येकाच्या बोलण्यात असायची. मीही संघटनेची मेंबर झाले. बाजारात स्टॉल लावून पत्रकं वाटायची, खासदाराला भेटायला जायचं. स्टॉलवर एक भारतीय बाई उभी असली की लोक थांबतात, असं शाखेचे अध्यक्ष माझ्यासमोरच म्हणायचे. मला ते खटकायचं, तरी मी उभी राहायचे, कारण मुद्दा मला पटलेला होता. जो कायद्याने वागतो त्याच्यावर संशय का?

नवऱ्याला हे आवडत नव्हतं. "आपण व्हिसावरची माणसं," तो म्हणायचा. "बंदुकीचं लायसन्स घेतलंस ते घेतलंस, वर आणि चळवळ कशाला?"

त्या वर्षी वाद होता तो डॉक्टरांचा. लायसन्स असलेल्या माणसाच्या मनाच्या आजारपणाबद्दल पोलिसांनी त्याच्या डॉक्टरला विचारावं, असं काही जणांचं म्हणणं होतं. आमचा विरोध होता. टाउन हॉलमधल्या सभेत मी बोलले, "असं केलंत तर बंदूक जाईल या भीतीनं माणूस डॉक्टरकडे जायचाच नाही. आम्ही एकमेकांना ओळखतो. आमची काळजी आम्ही घेऊ." टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी सेक्रेटरींनी वाजवल्या, शेजारी त्यांची बायको बसली होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांची बायको गेली. आजार कळला आणि थोड्याच आठवड्यांत सगळं संपलं. पंधरवड्यानं ते क्लबात परत आले, दाढी केलेले, बूट चकाचक. सगळ्यांना वाटलं, सावरले. मलाही वाटलं. मग एका रविवारी चहाच्या वेळी त्यांनी त्यांची दुर्बीण माझ्यापुढे ठेवली. टार्गेट बघायची, तीन पायांच्या स्टँडवरची, त्यांनी जपून वापरलेली.

"ठेव तुला."

"आणि तुम्ही कशानं बघणार?"

"मला नाही लागायची आता." मग सहज म्हणाले, "कुत्राही बहिणीकडे पाठवला. तिथे बाग मोठी आहे."

त्या कुत्र्याला ते एक रात्रही कोणाकडे ठेवत नसत. मला ही निरवानिरव वाटली. बाहेर पडताना मी अध्यक्षांना गाठलं आणि सांगितलं.

"पोलिसांना फोन करू नकोस," ते म्हणाले. "एकदा लायसन्स गेलं की या वयात परत मिळत नाही. त्याच्याकडे राहिलंय काय दुसरं? आणि या महिन्यात आपली खासदाराशी भेट आहे. आपल्याच सेक्रेटरीच्या बंदुका पोलिसांनी उचलल्या, तर बोलायला तोंड राहील?"

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं फोन उचलून माझ्या हातात दिला. "आत्ता कर."

मी केला नाही. मला आधी त्यांना विचारायचं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता सकाळीच त्यांच्या घरी गेले. रस्ताभर वाटत होतं, उशीर तर झाला नसेल?

त्यांनीच दार उघडलं. स्वयंपाकघर इतकं स्वच्छ होतं की तिथे कोणी राहतं असं वाटेना. ओट्यावर एकच कप उपडा. मला बस म्हणाले नाहीत, पण मी बसले.

"तुमच्या रायफली काही दिवस गावातल्या गनस्मिथकडे, त्याच्या बंदुकांच्या दुकानात ठेवू या," मी म्हटलं. "तो ठेवून घेतो. कायद्यात बसतं. मी गाडी आणली आहे."

"का?"

"कारण मला भीती वाटतेय."

त्यांचा चेहरा लाल झाला. "टाउन हॉलमध्ये काय बोलली होतीस? आणि आज माझ्याच घरात येऊन माझ्यावर संशय घेतेस?"

"हो."

"ऊठ आणि जा."

"मी जाणार नाही. तुम्ही दिल्या नाहीत तर इथूनच पोलिसांना फोन करेन."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वळले आणि जिना चढून वर गेले.

रायफलींचं पोलादी कपाट वरच्या खोलीत होतं, मला माहीत होतं. मी खालीच बसून राहिले. वर किल्ली फिरल्याचा आवाज आला. कपाटाचं जड दार करकरलं. मग काहीच नाही. मी त्यांना हाक मारली. उत्तर नाही. फोन माझ्या हातात होता, पण आत्ता फोन लावला तर कोण किती वेळात पोहोचणार? मी उठले आणि जिना चढायला लागले. प्रत्येक पायरीला मुद्दाम पाऊल वाजवत होते, मी येतेय हे त्यांना कळावं म्हणून.

ते पलंगावर बसले होते. दोन्ही रायफली शेजारी, आपापल्या पिशव्यांत. हातात एक बोल्ट होता. बोल्ट म्हणजे रायफलीचा मागचा सरकता पोलादी तुकडा, तो काढला की गोळी सुटत नाही. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"हा आधी घे."

मी घेतला. थंडगार होता. रायफली दोन होत्या.

"दुसरा कुठंय?"

खिडकीबाहेर शेजाऱ्याची गाडी सुरू होत नव्हती, परत परत घरघर करत होती. मी तळहात पुढे केला आणि तसाच ठेवला. खूप वेळानं त्यांनी स्वेटरच्या खिशात हात घातला आणि दुसरा बोल्ट माझ्या हातावर ठेवला. तो गरम होता. किती वेळ, की किती दिवस, तो खिशात होता, मी विचारलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले. ते रडले, मान खाली घालून, आवाज न करता.

गनस्मिथनं एकही प्रश्न विचारला नाही. तिथून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. तिथे मात्र त्यांनी मला आत येऊ दिलं नाही.

पुढच्या मीटिंगला बातमी माझ्याआधी पोहोचली होती. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पोलिसांची धमकी दिलीस, हे खरं?"

"खरं," मी म्हटलं. "आमची काळजी आम्ही घेऊ, असं मीच बोलले होते. मग कोणी घेतली?"

एका बाईनं चहाचा कप उचलला आणि माझ्या शेजारून उठून पलीकडे जाऊन बसली. सेक्रेटरींनी त्या उन्हाळ्यात क्लबात येणं सोडलं नाही. लांब बसून ते इतरांचे स्कोअर लिहायचे. माझा स्कोअरही लिहायचे, पण माझ्याशी बोलायचे नाहीत. औषधं चालू आहेत, हे मला त्यांच्या बहिणीकडून कळलं.

पानगळ सुरू झाली तेव्हा मी शाखेपुढे ठराव मांडला. कोणाही मेंबराला आपल्या बंदुका काही काळ घराबाहेर ठेवाव्याशा वाटल्या, तर शाखेनं गनस्मिथकडे सोय करावी, खर्च शाखेचा, आणि कारण कोणी विचारायचं नाही. वाद कडाक्याचा झाला. ही पोलिसांचीच भाषा आहे, असं एक जण म्हणाला. ठराव जेमतेम पास झाला. अध्यक्षांनी माझ्या बाजूनं हात वर केला, याचं मला आश्चर्य वाटलं. सेक्रेटरींनी विरोधात मत दिलं.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी गाडीचं दार उघडत होते तेवढ्यात ते मागून आले.

"मला चौकापर्यंत सोडशील?"

ते शेजारी बसले, पट्टा लावला. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "विरोधात मत दिलं ते एवढ्यासाठी, की कारण कोणीतरी विचारायला हवं."

मी रस्त्याकडेच बघत होते. चौक आला तरी गाडी थांबवली नाही. त्यांच्या घरापर्यंत आम्ही त्यांच्या परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांबद्दल बोलत गेलो.