रडून दाखवणारी पोर

भाईंदरच्या बाजारात आयडाच्या मासळीच्या पाटीसमोर उभं राहायचं तर आधी तिचं तोंड सोसायची तयारी हवी. माहेर तारोडी गावचं, सासर चौक कोळीवाड्याचं, जन्म सगळा मासळीच्या वासात गेला. कालचा बोंबील असेल तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आत सांगणार, "कालचा हाय. घ्यायचा तर घे, नायतर पुढं जा." कोणी शिळ्या मासळीच्या कल्ल्यांना लाल रंग फासून ती ताजी म्हणून विकली की हिचं डोकं फिरायचं. भर बाजारात आयमाय काढायची, मग बाकीच्या बायका तिला हाताला धरून खाली बसवायच्या.

अशा बाईची पोर शेरॉन. वय दहा, आणि अक्कल म्हणाल तर आईबापाला भीती वाटावी इतकी. प्रश्न अर्धा तोंडात असतानाच उत्तर तयार. घाबरणं नाही, लाजणं नाही, आठवल्याचं नाटक नाही. आयडाला तिच्या हुशारीपेक्षा तिचं हे फाडकन बोलणंच जास्त आवडायचं. पोर आपल्यावर गेलीय, म्हणून मनातल्या मनात खूश असायची.

शाळेनं शेरॉनचं नाव टीव्हीवर पाठवलं. हुशार पोरांना प्रश्न विचारायचा कार्यक्रम, 'चिमणे महापंडित'. शूटिंग इथंच, मीरा रोडच्या स्टुडिओत. आयडानं पाटी बंद ठेवली. तिच्या नवऱ्यानं, रॉबर्टनं, होडी एक दिवस बांधून ठेवली आणि चर्चला घालायचा शर्ट अंगावर चढवला.

स्टुडिओत शिरल्या शिरल्या समिधा नावाची एक मुलगी पुढं आली. गळ्यात पट्टा, कानात वायर, तोंडात साखर. "आंटी, शेरॉन सुपर आहे हां. पण हुशार तर सगळेच येतात. आपल्याला स्टोरी पाहिजे." मग ती रॉबर्टकडे वळली. "अंकल, तुम्ही फिशरमन ना? आपण असं म्हणू या, वादळात तुमची बोट गेली आणि तुम्ही अजून परतला नाहीत. तुम्ही फक्त कँटीनमध्ये बसा, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणार नाही."

आयडा उसळली. चौकमध्ये माणूस पाण्यावर असला की बायका असला शब्द जिभेवर येऊ देत नाहीत. "जित्या मानसाला मारतेस? लाज हाय का न्हाय तुला?"

"मेले नाही म्हणायचं आंटी, फक्त परतले नाहीत. नाहीतर दुसरा मुलगा स्टँडबाय आहेच."

शेरॉननं आईचा पदर धरला. "मम्मी, प्लीज." रॉबर्ट तर हसतच होता. "बोलू दे गं पोरीला. मी हाय ना हितंच." बोलताबोलता निघालासुद्धा कँटीनकडे. काय म्हणावं या माणसाला! आणि आयडानंही मान हलवली. पोरीची हौस मोडवली नाही तिला.

मेकअपवाल्यानं शेरॉनच्या गालावर काळपट काहीतरी फासलं. ऊन लागल्यासारखं दिसायला पाहिजे म्हणे!

पहिला प्रश्न आला आणि शेरॉननं सवयीप्रमाणे फाडकन उत्तर दिलं. बरोबर दिलं. तरी "कट!" समिधा धावत आली. "बेटा, इतकं पटकन नको. वर बघ, ओठ चाव, थोडी घाबर. मग उत्तर दे." पोरीनं परत केलं. परत कट. आलेलं उत्तर न आल्यासारखं द्यायला शिकवत होते मेले, आणि याला म्हणे ज्ञानाचा कार्यक्रम! थू!

मग सूत्रसंचालकानं गळा भरून विचारलं, "बेटा, बाबा आत्ता कुठे असतील?"

शेरॉननं वर बघितलं. खालचा ओठ थरथरला. "समुद्रात. जाताना म्हणाले होते, तुला मोठा शंख आणीन." आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

शंखाचं तिला कोणीच सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतः रचलं होतं. समोर बसवलेल्या माणसांनी इशारा मिळताच रुमाल काढले, समिधानं अंगठा वर केला. आयडाला शिसारी आली. सगळी उमर घाणीत हात घातलेली बाई, पण असा वास तिला कधी आला नव्हता.

"मम्मी, हे मी एका टेकमध्ये केलं!" बाहेर आल्यावर शेरॉन नाचत होती. वडापाव खात रॉबर्ट म्हणाला, "काय रडली गं पोर! मलाच रडू आलं."

कार्यक्रम लागला, आणि बाजारात नेहमीच्या गिऱ्हाइकणी आयडाचा हात धरून विचारायला लागल्या, "भाई का कुछ पता चला?" आयडा म्हणायची, "घर पे सोया है." फुकट रडवलं म्हणून एकदोघींना तिचाच राग आला. रंग लावलेला माल पहिल्यांदाच तिच्या पाटीवरून गेला होता.

पुढच्याच महिन्यात एकदा रॉबर्टची होडी खरंच वेळेवर आली नाही. फोन लागेना. दुपार कलली तशी आयडा शेरॉनला घेऊन किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. शेवटी शेजारचा बाबाजी ओरडत आला, "इंजिन बंद पडलंय! दुसरी होडी वढून आनतेय, समदी बरी हायत!"

आयडानं छातीवर क्रूस काढला. शेजारी शेरॉननं वर बघितलं. खालचा ओठ थरथरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तिला पोटाशी धरायला आयडाचे हात पुढं झाले, पण मध्येच थांबले. कल्ला उचलून ताजं-शिळं बघावं तशी तिनं पोरीची हनुवटी वर केली आणि डोळ्यांत निरखून बघायला लागली. आपण काय करतोय ते कळलं तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली. तरी तोंडातून निघालंच, "खरं रडतेस का गं?"

प्रश्न अर्धा असताना उत्तर देणारी पोर गप्प झाली. या वेळी वर बघितलं नाही, ओठ चावला नाही. मनगटानं डोळे पुसले आणि आईकडे बघितलं.

"माहीत न्हाय, मम्मी," ती म्हणाली.