आईच्या मापाचा ओटा

"ताई, घर विकायचं असेल तर आधी ते घ्यावंसं वाटलं पाहिजे ना," असं एजंट म्हणाला तेव्हा त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली मला. बाबांच्या हृदयाची झडप बदलायची होती. दिवाळीच्या पुढे ढकलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सातपूरच्या कारखान्यातली बाबांची सगळी पुंजी आधीच औषधांत गेली होती. उरलं होतं ते हे दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं घर. आणि हा शहाणा म्हणतोय, फरशी उखडलीय, ओटा भंगलाय, गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. पण तो खोटं बोलत नव्हता. दोन गिऱ्हाइकं तशी गेलीही होती.

मग मी आणि आई मोपेडवरून सामान शोधायला निघालो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, जो तो ग्रॅनाइट बसवत होता, आणि आम्ही मात्र दुकानांच्या मागच्या बाजूला, लोकांच्या बंगल्यांतून उरलेल्या टाइल्सच्या पेट्या उचकत होतो. एका रंगाच्या टाइल्स एका खोलीला पुरतील तर शपथ! बाहेरच्या खोलीला बदामी मिळाल्या, आतल्या खोलीला राखाडी, आणि मोरीला असल्या हिरव्या की बघून डोळे चुरचुरावेत. आईने त्याच हिरव्यांसाठी दुकानदाराला तासभर पिळलं. "अहो, कोण घेतंय ही? तुमच्याच पायांत येतेय रोज. आम्ही नेतोय हे उपकार समजा!" तो बिचारा शेवटी हसायलाच लागला.

पंचवटीत एक जुनं घर पाडत होते. तिथे गल्लीतच भिंतीला टेकवून कडप्पे ठेवले होते, काळे, जाड, एकही टवका न उडालेले. आईने पदराने धूळ पुसली आणि त्यावरून हात फिरवला. "हे बघ, इथे शेगडी बसेल. इथे पोळपाट. आणि पिठाचा डबा इकडे, म्हणजे हात लांब करायला नको." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कडप्पा टेम्पोत चढेपर्यंत ती त्याच्याशेजारी उभी होती.

ओटा बांधायच्या दिवशी मी बाबांना घेऊन दवाखान्यात गेले होते. परत आले तर ओटा उभा झालेला, आणि आई कडप्प्यावर खोबरेल तेल चोळत होती. चकाकत होता अगदी, ग्रॅनाइटने मान खाली घालावी असा. पण काहीतरी बिनसलंय असं वाटलं. जवळ गेले तर तो माझ्या मांडीला लागला.

"आई, हा एवढा खाली का?"

"गवंडी म्हणाला, घरातल्या बाईंनी उभं राहायचं, माप घेतो. राहिले मी उभी."

गवंडी सगळीकडे असंच करतात. बाईला भिंतीशी उभं करायचं, तिच्या कोपराखाली खूण करायची, तेवढा ओटा. आमचा जुना ओटाही तसाच झाला होता, फक्त तेव्हा आजीला उभं केलं होतं. आजी चांगली उंचनिंच बाई होती, आणि आई तिच्या खांद्याला लागायची. लग्न झाल्यापासून आईने पाटावर उभं राहून पोळ्या लाटल्या होत्या.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी माझं डोकं फिरलं. "अगं, आपण राहणार आहोत का इथे? कोण घेणार हा बुटका ओटा? बाबांचं काय करायचं मग?"

आईने तेलाची वाटी ओट्यावर ठेवली. "माझ्या लक्षातच आलं नाही गं," ती म्हणाली. "त्याने उभं राहा म्हटलं, आणि मला वाटलं, माझंच आहे."

कडप्पा परत उचलायला मजुरी लागली असती. राहू दे, गिऱ्हाईक तर येऊ दे, असं बाबाच खाटेवरून म्हणाले. तोपर्यंत आई त्या ओट्याशी जमिनीवर पाय ठेवून स्वयंपाक करत होती. लाटताना गुणगुणायची. मी तिला असं गुणगुणताना आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यामुळे मला जास्तच चीड यायची.

पुढच्या आठवड्यात सिन्नरकडचं एक जोडपं आलं. टोमॅटोची शेती, मुलांना शाळेसाठी शहरात ठेवायचं होतं. माणसाला घर पसंत पडलं. बाई स्वयंपाकघरात आली. उंच, हाडापेराने मजबूत. ओट्यावर वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

"मावशी, लय खाली हाय हो. माझी तर कंबरच जायची."

नवऱ्याचा चेहरा लगेच पडला. मी तोंड उघडणार एवढ्यात आई पुढे झाली. आमटी टाकत होती, बोटं हळदीने माखलेली.

"या ना, अशा भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. हात दुमडा."

ती बाई लाजत उभी राहिली. आईला वर बघावं लागत होतं. चवड्यांवर उभी राहून तिने त्या बाईचं कोपर नीट धरलं, आणि त्याच्या थोडं खाली, भिंतीवर हळदीचं बोट ओढलं.

"एवढा करून देऊ. दोन दिवसांचं काम. तुम्हाला रोज राबायचंय इथे, मापातच हवा."

बाई हसली. नवऱ्याने इसाराचे पैसे काढायला खिशात हात घातला. आतून बाबांनी दम खात विचारलं, "काय म्हणतायत गं?"

आई भिंतीकडे तोंड करूनच उभी होती. म्हणाली, "आवडलं त्यांना घर."