स्कॅनरच्या झाकणावरचं फूल

परळीचे जुने फोटो इंटरनेटवर चढवायचे ठरले, तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि तोरा काय विचारू नका. इंटरनेट म्हणजे काय ते मलाच कळलं नव्हतं, पण गल्लीभर समजावून सांगत फिरायचे. वाचनालयवाल्यांना स्टेशनासमोरच्या टांग्यांचा फोटो हवा होता. तो आमच्याच घरात, खिडकीसमोरच्या भिंतीवर. टांग्यांपुढे माझे सासरे, कपाळाला आठ्या घालून उभे.

ते गेल्यापासून सासूबाई त्या फोटोला फूल वाहिल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत. "तासाभरात आणते," म्हणत मी सकाळी त्यांची आंघोळ व्हायच्या आधीच तसबीर उचलली. दुपारच्या बसनं सगळ्या फोटोंची सीडी इंटरनेटवर चढवायला औरंगाबादला जायची होती ना!

बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदारानं फोटो चौकटीतून काढून स्कॅनरवर पालथा घातला आणि लाईट गेली. समोर वीजकेंद्राच्या चिमण्या धूर ओकताहेत, अन् इथं पंखा फिरेना. मी बसले, उठले, रस्त्यावर जाऊन आले. घरी सासूबाई उपाशी. फोटो परत न्यावा, तर नंबर जायचा आणि सीडी टांग्यांविनाच रवाना व्हायची.

"येईलच आता," दुकानदार म्हणायचा. मी येडी पुन्हा बसायची.

ऊन डोक्यावर आलं तशा सासूबाईच दारात. एका हातात जास्वंद, दुसऱ्या हातात फडक्यातली भाकरी.

"कुठं ठिवलंस त्येंला?"

मी यंत्राकडं बोट दाखवलं.

"पालथं निजवलंस व्हय गं?" त्यांनी झाकणावर फूल वाहिलं, हात जोडले आणि खुर्चीत बसून भाकरीचं फडकं सोडलं. "धर, तू बी खा. तोंड तर असं केलंस, जशी तूच उपाशी."

होतेच मी उपाशी. अर्धी भाकरी मोडून घेतली.

तेवढ्यात लाईट आली. झाकणाखालून उजेडाची पट्टी सरकू लागली. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"भाजतंय का गं त्येंला?"

पडद्यावर फोटो उमटला. दुकानदार टांगे मोठे करून बघू लागला.

"टांगे ऱ्हाऊ दे बाबा. त्येंला दाव."

सासऱ्यांचा चेहरा पडदाभर झाला. सासूबाई अगदी जवळ गेल्या.

"अगं, रागावले न्हाईत हे. डोळ्यावर ऊन आलंय. एवढी वर्सं मी रोज इचारते, काहून रुसलात म्हनून."

सीडी वेळेत गेली. मला घरी येऊन मोठेपणा सांगायचा होता, पण सासूबाईंनी हातात हातोडी दिली. तसबीर खिडकीसमोरून काढून त्यांनी मला ती आतल्या, सावलीच्या भिंतीवर लावायला लावली.