ताईबाईने हात ओळखला

ताईबाई गोंदणारीण. बाजाराच्या दिवशी पिंपळनेरला चिंचेखाली बसायची. पुढ्यात सुयांची डबी आणि काजळीची वाटी. मी बी.ए. होऊन देवपूरहून तिथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आले होते. मैत्री तिनेच सुरू केली, थट्टेने.

"बाई, इतली शिकनी आनि हातवर एक टिपकं नही! वर जाशी तव्हय देवले काय दखाडशी?"

एकोणसत्तरच्या फाल्गुनात वसतिगृहातली रेशमा माझ्याबरोबर बाजारात आली. डोंगरातल्या पाड्यावरची, नववीतली. तिच्या डाव्या हातावरच्या लाल रेघा मी आठवड्यापूर्वीच पाहिल्या होत्या. तिकडच्या मुली गोंदवून घेतात, ताजं गोंदण सुजतं, एवढं ऐकून होते. "छान आहे गं," म्हणाले होते. ती हसली होती. बाही खाली ओढली होती.

ताईबाईने तिचा हात धरला. "कोनी गोंदं वं हाई? मन्हा धंदा कोन खाई राहिना?"

मग तिने हात उजेडाकडे वळवला. हसू गेलं.

"बाई, हाई गोंदन नही. गोंदनमा टिपकं ऱ्हास. ह्या रेघा शेतस. इनीच करेल शे."

स्वतःच्या हाताने ओढलेल्या रेघांना मी "छान" म्हणाले होते.

ताईबाई रागावली नाही. हात सोडलाही नाही. "दुखस का, माय?" रेशमा बाही खाली ओढू लागली. "मरी जाऊ, आसं मनमा येस का?"

मी तिला अडवायला पुढे झाले. असं विचारलं तर नसलेलं मुलीच्या डोक्यात येईल, असं मला वाटायचं. ताईबाईने नजरेनेच थांबवलं.

"येस," रेशमा म्हणाली.

"कव्हय?"

"वर्गमा वाचस तव्हय. पोरी हसतस."

तो माझा तास. तिच्या बोलण्याला पहिल्यांदा मीच हसले होते.

ताईबाईने भरला बाजार सोडला. आमच्याबरोबर वसतिगृहात आली. वाटेत मला हळूच म्हणाली, "मन्ही धाकली भयीन व्हती, पुना. तिन्हा हात आम्ही घरना बठ्ठास्नी दखा. कोनी इचारं नही. गई."

रेशमाची आई जमना येईपर्यंत दोन दिवस ती पोरीपासून हलली नाही. सुयांची डबी तिने मला कुलपात ठेवायला लावली. जमना आली तीच हात उगारून. "मारू नको. जवळ बस," ताईबाई म्हणाली. नंतर मायलेकी धुळ्याला डॉक्टरकडे जाऊन आल्या.

रेशमा परत वर्गात आली. आता वर्गात कुणी हसत नाही, मी हसू देत नाही. तरी भीती जात नाही. हजेरी घेताना तिचं नाव घेते आणि "हजर" ऐकू येईपर्यंत श्वास रोखून ठेवते.

एकदा "हजर" आलं नाही.

मी धावले. वसतिगृहात नव्हती. नदीवर नव्हती. बाजाराचा दिवस होता. चिंचेखाली ताईबाईला खेटून बसलेली दिसली.

"बाई, आज परत मनमा ये व्हतं," ती म्हणाली. "म्हनीसन आठे उनू."

इथे आली होती, नदीवर नाही. ताईबाई थोडी सरकली. मला जागा केली.