घरभर लाल टॅग

चहा घेता घेता ऐका राव, पण हसताना जरा जपून. कारण ही माती मी माझ्याच हातानं खाल्ली आहे!

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला. स्पेनच्या प्लँटवर दोन वर्षांसाठी एकाला पाठवणार होते. अट एकच, स्पॅनिशची तोंडी परीक्षा. बाकी सगळं जमलं हो! पण धड नसलेल्या वस्तूंच्या शब्दांनी माझा जीव खाल्ला. मोडलं की ‘रोतो’. तडा गेला की ‘राहादो’. एखादा भागच नसला की ‘इन्कोम्प्लेतो’. आमचं आयुष्य ‘रिजेक्ट’ या एका शब्दावर निघालेलं. मला तिन्ही सारखेच वाटायचे!

क्लासच्या मॅडम म्हणाल्या, “घरातल्या वस्तूंना चिठ्ठ्या लावा. शब्द डोळ्यासमोर राहतील.”

चिठ्ठ्या कशाला शोधायच्या? कंपनीतले रिजेक्शनचे लाल टॅग बॅगेत पडलेलेच होते! रविवारी मोशीच्या आमच्या फ्लॅटभर फिरलो. पाय मोडलेलं स्टूल, रोतो. घड्याळाची काच राहादो की रोतो? तीनदा टॅग बदलला. शेवटी आईचा मसाल्याचा डबा. आई जाऊन दोन वर्षं झाली. सातातली एक वाटी तिच्या हयातीतच हरवलेली. इन्कोम्प्लेतो! काय खूश झालो म्हणून सांगू स्वतःवर.

घरात आता मी आणि माझे वडील, आप्पा, दोघंच. त्यांनी तीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर काढली आणि उजव्या हाताची दोन बोटं तिथंच ठेवून आले. माणूस कमी बोलतो. त्यांनी टॅग बघितले, काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. घोळ इथंच झाला बघा.

सोमवारी फर्स्ट शिफ्ट करून आलो, तर घर कसं मोकळं मोकळं! स्टूल नाही, घड्याळ नाही.

“आप्पा, सामान कुठंय?”

“भंगारवाल्याला दिलं.”

“का?”

“का म्हंजे? लाल टॅग लागलेला माल कुणी लाईनवर ठेवतं का?”

“आणि आईचा डबा?”

“त्यालाबी टॅग होता की. मी दोनदा बघितला. म्हणलं, पोरगं परदेशी चाललंय, घर आवरायलंय. आईचंबी नको झालं असंल.”

तेवढ्यात दाराशी आप्पांची बॅग दिसली. तिच्या बंदाला लाल टॅग! डब्यावरचा शब्द आप्पांनी वाकड्यातिकड्या अक्षरात जसाच्या तसा उतरवलेला.

“हे काय?”

“वाटी कमी होती त्याला तू हे लिव्हलंस. माझी बोटं कमी. म्हणलं, माझाबी हाच असंल. उद्या तुझ्या ताईकडं लातूरला जातो. तू म्हणायच्या आधी गेलेलं बरं.”

तीन आठवडे शिकवणी लावून मला जे जमेना, ते आप्पांनी एका दुपारी अचूक केलं होतं!

तसाच चपला घालून भंगारच्या दुकानाकडे पळालो. डबा सापडला, एका जुन्या पंख्याखाली. झाकण चेपलेलं, वाट्या चारच. घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. सांगताना रडलो, लपवत नाही.

“मंग आधी सांगायचं की रं,” आप्पा म्हणाले आणि वाट्या धुवायला घेतल्या.

परीक्षेत नेमकं तेच विचारलं. घरातली धड नसलेली एक वस्तू सांगा. माझ्या तोंडून तिन्हींपैकी एकही शब्द फुटेना. स्पेनला दुसराच गेला.

आप्पांच्या बॅगेचा तो टॅग मी सोडवला आणि माझ्या जेवणाच्या पिशवीला बांधला. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन रोज विचारतो, “साहेब, तुम्हाला कुणी रिजेक्ट केलं?”

मी म्हणतो, “दुसरं कोण करणार? क्वालिटीला मीच आहे.”